दोन सरकारांची सुंद्रा

मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या राज्यातून, परत आल्यापासून पुण्यात मला एकच प्रश्न विचारतात, "भीती नाही वाटली?" वाटली, पण ती रामलिंगाच्या माकडांची. बाकीच्या दिवसांत मी रागावले, चुकले, तडस लागेपर्यंत जेवले आणि परतले ती बरीचशी आनंदात. धाराशिवकडचा मुलूख ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यात मी ज्यांच्यामध्ये वाढले ती पत्रके छापणारी आणि वाटणारी सगळी मंडळी आली.

वडिलांचा छापखाना असल्यामुळे मी अक्षरे शिकले ती पत्रकांच्या रद्द कागदांवर. एकोणिसाव्या वर्षी मी स्वतःचे पहिले पत्रक लिहिले, 'मूल ही कुणाची मालमत्ता नव्हे'. त्याच्या जोरावर सोलापुरात मुलांसाठी काम करणाऱ्या एका मंडळात मला जागा मिळाली. तिथल्या हातमागाच्या एका शेडमध्ये लहान मुले सुताच्या कांड्या भरायला बसवलेली सापडली. बरीचशी मोगलाईतली होती. कायदा इंग्रजी हद्दीतला आणि मुलांची घरे निजामाच्या हद्दीत, तेव्हा दोन्ही सरकारांनी मिळून एक सहा पानी करार केला. मुलाला घरी पोचवायचे, बरोबर दोन्हीकडचा एकेक सोबती द्यायचा, आणि घरच्यांकडून लिहून घ्यायचे की मूल पुन्हा कामाला जाणार नाही, शाळेत जाईल. शाळेची सोय झाली नाही तर मूल सोलापूरच्या अनाथगृहात परत. माझ्या वाट्याला आली सुंद्रा. परंड्याकडची, दहा वर्षांची असावी. तिच्या बोटांना सुताची इतकी सवय झाली होती की रिकामी बसली तरी ती हवेतल्या हवेत कांडी फिरवी.

हद्दीवरचा नाका

तामलवाडीच्या अलीकडे हद्द लागते. झाडे तीच, माती तीच, फक्त एक आडवा बांबू आणि करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे निजामाच्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात घेणारे खाते. करारात लिहिले होते की नाक्यावर मुलाची पोच द्यावी. नाक्यावरच्या कारकुनाने निमूटपणे पोचीचा छापील कागद काढला. मी वाकून पाहिले. खाने होते मालाचे नाव, नग, वजन, आणि जनावर असल्यास रंग व शिंगे. 'नग' या खान्यात त्याने 'एक' लिहूनही टाकले होते.

माझे डोके फिरले. "हे मूल आहे! माल नाही!"

"मूल हाय ते दिसतंय मला, बाई," तो शांतपणे म्हणाला. "खाना कुठला भरू तेवढं सांगा."

"कुठलाच नाही!"

"मग पोच कशी देऊ? आन् पोच न्हाय तर बांबू कसा उचलू?"

यावर सुंद्रा पहिल्यांदा बोलली. "शिंगं न्हाईत म्हून लिवा की."

बांबूपाशी उभा असलेला शिपाई खो-खो हसला. बाकावरून एक म्हातारे गृहस्थ उठले. काळी शेरवानी, कोपरावर ठिगळ, हातात छत्री. हेच निजाम सरकारचे सोबती, करीमसाहेब, धाराशिवच्या कचेरीतले पेशकार. साहेबापुढे कागद वाचून दाखवायचे हे त्यांचे काम. त्यांनी पोचीचा कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर उर्दूत चार ओळी लिहिल्या आणि दौत माझ्यापुढे सरकवली.

"काय लिहिले आहे?"

"तुम्ही मुलगी आणली, आम्ही पाहिली. बस."

"मला वाचता येत नाही त्या कागदावर मी सही करत नाही."

रागावतील असे मला वाटले होते. ते मान हलवून म्हणाले, "अच्छी बात है. मग तुमच्या मराठी कागदावर माझी पण सही नक्को. बोलतो मराठी, पण वाचता येत नाही मला. पोरगी पोचली की बघू."

त्यांनी छत्रीने खूण केली तसा शिपायाने बांबू उचलला आणि अशा रीतीने कोणाचीच सही नसलेली सुंद्रा निजामाच्या राज्यात शिरली.

तुळजापूर ते धाराशिव

लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून इकडे मोटारी कोळशाच्या धुरावर चालतात. मागे भट्टी लावलेली असते आणि क्लीनर मधूनमधून ती ढोसतो. तुळजापूरच्या घाटात आमची मोटार दमली. सगळे उतरून ढकलू लागले. करीमसाहेबांनी शेरवानी काढून घडी करून सुंद्राच्या डोक्यावर ठेवली आणि खांदा लावला. मोगलाईचा सरकारी अधिकारी म्हणजे काय, याचे जे चित्र मी पत्रकांत रंगवत आले होते त्यात हा खांदा कुठे बसेना.

तुळजापुरात सुंद्राने देवीला दुरून हात जोडले आणि पुढे चालू लागली. काय मागितलेस असे विचारले तर म्हणाली, "सांगितलं तर देवी देत न्हाय."

धाराशिवला पोचलो तो शुक्रवार. मी चार दिवसांचे वेळापत्रक लिहून आणले होते, त्यात रविवार मोकळा सोडला होता. इकडे सुट्टी शुक्रवारची. कचेरीला कुलूप, आणि साहेबाचा शिक्का तर हवाच. माझे वेळापत्रक पाहून करीमसाहेब हसले. "तुमचा इतवार, आमचा जुम्मा. दोन सरकारांचं काम म्हणजे हप्त्यात दोन छुट्ट्या, बेटी."

तो दिवस त्यांच्या घरी गेला. त्यांच्या पत्नीने ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची आंबट भाजी वाढली. पुण्यात आमच्याकडे अंबाडीवर लसणीची फोडणी वरून घालतात. इथे लाल मिरची आणि लसूण आत असे काही मुरवतात की डोळ्यांतून पाणी येते आणि हात मात्र थांबत नाही. सुंद्राने चार भाकरी खाल्ल्या. चौथी वाढताना त्या बाई म्हणाल्या, "खा गं माय, सरकारचीच हाय तू. आमच्या बी, त्यांच्या बी."

येडशी

शनिवारी शिक्का मिळाला. येडशीला टांग्याने जायचे आणि तिथून छोट्या रेल्वेने बार्शीमार्गे परंड्याकडे, असा माझा बेत. त्या दिवशी वेळ अमावस्या होती. हे मला माहीत नव्हते. मला दिसले ते असे की रस्त्यावरची गावे ओस पडली आहेत आणि शेते माणसांनी भरली आहेत. या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळे घर रानात जाते. कडब्याची खोप उभारतात, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करतात आणि वाटेने जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. पुण्यात दारात आलेल्याला आधी काम काय ते विचारतात. इथे आमचा टांगा तीन वेळा अडवला.

तिसऱ्या शेतात आम्ही हार मानली. "ओ पाव्हणं, उतरा की! देव जेवायचा राहिलाय तुमच्यापायी," असे म्हणत एका बाईने घोड्याचा लगामच धरला. पत्रावळीवर बाजरीचे उंडे, शेंगा, हरभरा, वाटाणा आणि हाताला लागतील त्या सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, आणि मडक्यातली गार आंबील. करीमसाहेबांकडे बघून ती बाई जरा घुटमळली. "सायेब, तुमाला चालतंय न्हवं?"

"आंबीलला कुठं मजहब असतो, माय? ओत."

जेवणानंतर खोपीच्या सावलीला सुंद्रा माझ्याजवळ सरकली. माझ्या पिशवीतल्या पत्रकांवर बोट ठेवून म्हणाली, "अक्का, ह्ये समदं तुमी लिवलं? मला वाचाया यील का?"

"येईल की. शाळेत जाशील ना आता."

"मावशीनं कागदावर अंगठा दिला, म्हून म्या सोलापूरला गेले. मुकादम म्हनला, पोरीला शाळंत घालतो म्हून लिवलंय. मावशीला कुठं वाचता येतंय? मला आलं असतं तर म्या न्हाय म्हनले असते." मग पत्रकाची कड दुमडत, "देवीला त्येच मागितलं. आता सांगून बसले. देती का न्हाय कुनास ठावं."

मी सोलापुरात तिच्याबद्दल दोन पाने टिपणे काढली होती. तिला काय हवे आहे हा प्रश्न त्यात नव्हता. तो दोन्ही सरकारांच्या सहा पानांतही नव्हता.

येडशी स्टेशनात करीमसाहेबांनी तिकिटाच्या खिडकीपाशी माझा हात अडवला. "बार्शी कोणाची?"

"इंग्रजांची."

"म्हणजे बार्शीला पोरगी परत इंग्रजी हद्दीत गेली. परंड्याकडे पुन्हा हद्दीत शिरताना नवी पोच, नवा शिक्का, आणि मध्ये एक जुम्मा."

मी कपाळाला हात लावला. दोन तासांचा रस्ता सोडून आम्ही भूमवरून बैलगाडीने जायचे ठरवले. गाडी दुसऱ्या दिवशी मिळणार होती, म्हणून संध्याकाळी रामलिंगाला गेलो. दरीतले ते देऊळ, भोवतीचा गर्द झाडोरा आणि बारीक धारेने पडणारे पाणी इतके सुंदर आहे की मी काही काळ सरकार हा शब्दच विसरले. तेवढ्यात एका माकडाने माझ्या पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा ओढला, वडावर चढले, एक पत्रक चावून पाहिले आणि बाकीची एकेक करून खाली सोडली. "त्याला पटलं न्हाय," सुंद्रा म्हणाली. करीमसाहेब पायरीवर बसून पोट धरून हसत होते. गोळा करताना मीही हसले. काही पत्रके अजून त्या दरीत असतील.

परंड्याजवळची एक वाडी

गाडीचे हादरे वगळते. परंड्याचा किल्ला दुरून दिसला तेव्हा सुंद्रा गाडीत उभी राहिली आणि मग बसलीच नाही. तिच्या वाडीचे नाव मी लिहीत नाही. कारण पुढे कळेल.

मावशी मालनबाई शेणाचा हात तसाच घेऊन धावत आली. हात धुतला, भाकरतुकडा सुंद्रावरून ओवाळून टाकला, आणि मगच तिला पोटाशी धरून रडली. रडता रडता तिची नजर करीमसाहेबांच्या हातातल्या कागदांवर गेली आणि ती मागे सरली. "आता अंगठा देत न्हाय म्या. मारून टाका, पर अंगठा न्हाय."

"देऊ नका," मी म्हणाले. "आधी वाचून दाखवते." सबंध मजकूर दोनदा वाचला तेव्हा ती जरा निवळली. पोरीला कामाला धाडणार नाही म्हणाली. पण शाळा? सरकारी शाळा होती ती परंड्यात, मुलांची, आणि शिकवणे उर्दूत. मुलींची मराठी शाळा जवळात जवळ बार्शीला, म्हणजे पुन्हा दुसऱ्या राज्यात. मालनबाईने आम्हाला वाडीच्या टोकाच्या मठात नेले.

मठाच्या ओसरीवर अठरा-वीस मुले धूळपाटीवर बोटे फिरवत होती. त्यात दोन मुलीही. शिकवत होते मठाचे स्वामी, कानाने जरा कमी, पण मागच्या रांगेतली खोडी बरोबर पकडणारे. आजूबाजूचे शेतकरी आणि वाणी आळीपाळीने शिधा देत. ना इमारत, ना घंटा, ना फी. मी इतकी हरखले की विचारू नका. मी ज्याविषयी पत्रके लिहीत आले ते इथे कुणीतरी एकही पत्रक न लिहिता करत होते.

आणि इथे मी चूक केली.

संध्याकाळी चावडीवर माणसे जमली होती, पोलीस पाटीलही होते. कोणी न सांगता मी उभी राहिले आणि भाषण ठोकले. सरकारने जे केले नाही ते तुमच्या स्वामींनी केले, परवानगीची वाट न बघता शाळा उभी केली, अशी शाळा गावोगाव निघाली पाहिजे, वगैरे. टाळी एकही वाजली नाही. माणसे जमिनीकडे पाहत होती. पाटलांनी पागोटे सारखे केले.

"बाई," ते म्हणाले, "मठात पोरं देवाचं म्हनत्यात येवढंच मला ठावं होतं. आता तुमी शाळा म्हनलाव. खाजगी शाळंला वरची परवानगी लागती. म्या न्हाय ऐकलं तवर बरं होतं. आता ऐकलंया."

"म्हणजे?"

"म्हंजे सकाळी मला वर कळवावं लागंल. आन् मग स्वामीस्नी कुलूप घालाया लागंल."

सुंद्रा मावशीच्या मांडीशी बसली होती. तिने विचारले, "मंग म्या पुन्ना सोलापूरला?" ओसरीवरची वीस मुले, स्वामी आणि ही मुलगी, सगळ्यांचे मी पाच मिनिटांत वाटोळे केले होते, तेही त्यांच्या भल्याच्या भाषेत.

करीमसाहेब त्या दिवशी एकदाच रागावले. मला बाजूला नेऊन म्हणाले, "बेटी, करार पूर्ण वाचलास?"

पत्रकांवर वाढलेली मी, पहिली दोन पाने आणि शेवटचे मोठे वाक्य एवढे वाचून निघाले होते.

"पाचवं पान काढ."

काढले. त्यांनी उर्दू प्रत वाचली होती; माझी तर मराठीतच होती. 'जेथे सरकारी शाळेची सोय नसेल तेथे पुढील तपासणीपर्यंत दोन्ही सोबत्यांनी एकमताने मुलाच्या शिक्षणाची सोय नेमून द्यावी. अशी सोय दोन्ही सरकारांची समजली जाईल.'

"आपण दोघांनी मठ नेमला," ते म्हणाले, "तर ती खाजगी शाळा राहत नाही. पाटलांना काय कळवायचंय? हा कागद कळवतील. मी हे उद्या गुपचूप करणार होतो. आता चावडीवर करावं लागेल."

"आणि वर तुम्हाला विचारले तर?"

"विचारतील ना. नोकरीची दोन वर्षं राहिली, हे पण मला ठाऊक आहे. पण कागद दोन सरकारांचा आहे. एका साहेबाला फाडता येत नाही." मग छत्रीने जमिनीवर रेघ ओढत म्हणाले, "नेमणुकीचा कागद दोन्ही भाषांत पाहिजे, आणि दोन्हींवर दोघांच्या सह्या. माझा उर्दूत असणार. काय करतेस?"

मला काही सुचण्याआधी मागून आवाज आला. "वाचून दावा की येकमेकाला," सुंद्रा म्हणाली. "अक्का मावशीला वाचून दावती, चाचा अक्काला न्हाय दावत? तुमी दोघं बी लई भांडता, वाचत न्हाय."

चावडीवर कंदील आणला गेला. दोघांनी आपापल्या भाषेत कागद लिहून काढला. सगळ्यांच्या देखत करीमसाहेबांनी उर्दू कागद ओळीओळीने वाचला. मी प्रत्येक ओळ थांबवून विचारली, तिचा अर्थ मराठीत लिहून घेतला आणि दोनदा त्यांना शब्द बदलायला लावला. 'मठात ठेवली' असे होते तिथे 'मठात शिकते' असे करून घेतले. मग मी मराठी कागद वाचला. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त खोड्या काढल्या. 'निजाम सरकारच्या दुर्लक्षामुळे' हे माझे तीन शब्द त्यांनी गाळायला लावले. "खोटं नाही," ते हळूच म्हणाले, "पण हे तुझ्या पत्रकात छाप. इथं पोरीची शाळा छापायची आहे." मी ते शब्द खोडले. मला त्याची लाज वाटत नाही. ते मी इथे लिहिलेच आहेत.

दोघांनी दोन्हीकडे सह्या केल्या. पाटलांनी दोन्ही कागद कंदिलाजवळ नेऊन, वाचता येत असो वा नसो, बराच वेळ न्याहाळले. "दोन सरकारांची शाळा व्हय," ते म्हणाले. "मंग मी कोन अडवणार?" आणि स्वामींकडे वळून ओरडून सांगितले, "स्वामी! उद्या माझी नात बी धाडतो!" स्वामींना अर्धेच ऐकू आले. त्यांनी आशीर्वादाचा हात वर केला.

मालनबाईने अंगठा दिला तो तिच्या कागदावरची प्रत्येक ओळ सुंद्राच्या देखत पुन्हा वाचून घेतल्यावर.

निघताना

सकाळी आमची गाडी मठासमोर थांबली. करीमसाहेब बैलांच्या चाऱ्यावरून गाडीवानाशी हुज्जत घालत होते. मी ओसरीपर्यंत गेले. सोलापूरहून निघताना ज्यांचा मुलूख मला शत्रूचा वाटत होता त्यांच्याबद्दल आता काय वाटते, ते अजून मला नीट सांगता येत नाही. निजामाचे राज्य जावे असे मला कालही वाटत होते, आजही वाटते, आणि ते जाईल. पण ते जाईपर्यंत वीस मुलांनी थांबावे असे आता म्हणवत नाही.

सुंद्राला दाराजवळची जागा मिळाली होती. पुढे धूळपाटी, बोट धुळीत. स्वामींनी काढून दिलेल्या 'स'वरून ती पुन्हा पुन्हा गिरवत होती, आणि तिची बोटे पहिल्यांदाच कांडी फिरवत नव्हती. मी दारात उभी राहून बघत होते. तिला काहीतरी निरोपाचे, लक्षात राहील असे सांगावे म्हणून मी मनात वाक्य जुळवीत होते.

तिने मान वर केली.

"अक्का," ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा की. उजेड अडवलाव."

मी बाजूला झाले.